डिस्क एका कॉम्प्युटरवर उघडते, दुसऱ्यावर 'फॉरमॅट करा' म्हणते: अशा वेळी काय करायचं

एक्स्टर्नल हार्डडिस्क विंडोजच्या लॅपटॉपला लावली की सगळं नीट दिसतं. तीच मॅकला लावली की फाइली दिसतात, उघडतात, पण नवी फाइल काही केल्या आत जात नाही. लिनक्स या तिसऱ्या सिस्टीमवर चालणाऱ्या कॉम्प्युटरला लावली तर आज उघडते आणि उद्या नाही. कधी याच्या उलटही होतं. मॅकवर भरलेली डिस्क विंडोजला जोडल्याबरोबर 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल' अशी खिडकी येते. दर थोड्या दिवसांनी कुणी ना कुणी ही तक्रार माझ्याकडे घेऊन येतं, आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: 'डिस्क गेली वाटतं.'

बहुतेक वेळा डिस्क गेलेली नसते. तिच्यावरच्या नोंदी ज्या पद्धतीने लिहिल्या आहेत, ती पद्धत समोरच्या कॉम्प्युटरला येत नसते, एवढंच. म्हणून पुढचं काहीही वाचण्याआधी एक करा: त्या खिडकीतलं 'फॉरमॅट डिस्क' दाबू नका, 'कॅन्सल' दाबा. मॅकवर 'ही डिस्क वाचता येत नाही' असा निरोप आला आणि खाली 'इनिशियलाइज', 'इग्नोअर', 'इजेक्ट' अशी बटणं दिसली, तर 'इजेक्ट' दाबा आणि केबल काढून ठेवा.

एवढं बजावून सांगायला कारण आहे. माझ्या दादाने तीन वर्षांचे फोटो असलेली, मॅकवर तयार केलेली डिस्क एका विंडोज कॉम्प्युटरला लावली. खिडकी आली. कॉम्प्युटरला डिस्क ओळखायला परवानगी हवी असेल, असं समजून त्याने हो म्हटलं. काही सेकंदांत डिस्क रिकामी दिसायला लागली. नशिबाने ते 'क्विक फॉरमॅट' होतं आणि डिस्क जुन्या पद्धतीची, फिरत्या तबकडीची होती. क्विक फॉरमॅटमध्ये फक्त नोंदींची जागा नव्याने लिहिली जाते, खालचा मजकूर बऱ्याच अंशी तसाच राहतो. 'क्विक'वरची खूण काढली असती तर विंडोज व्हिस्टापासूनच्या विंडोजने पूर्ण डिस्कवर शून्यं लिहिली असती, आणि मग काहीच हाती लागलं नसतं. आम्ही त्या डिस्कवर पुढे एक अक्षरही लिहिलं नाही. फोटोरेक हा मोफत प्रोग्रॅम चालवून मिळेल ते दुसऱ्या डिस्कवर काढलं. फोटो जवळजवळ सगळे मिळाले, पण फाइलींची नावं आणि त्याने मेहनतीने लावलेले फोल्डर गेले ते गेलेच. हजारो फोटो, नाव म्हणून नुसते आकडे. एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, असती तर फॉरमॅटबरोबर 'ट्रिम' (मोकळी ठरलेली जागा खरोखर पुसून टाकण्याची आज्ञा) चालून तेवढेही वाचले नसते, ही शक्यता मोठी होती.

आधी ओळख पटवा

डिस्कवर फाइली नुसत्या ओतलेल्या नसतात. कोणती फाइल कुठून कुठपर्यंत आहे, तिचं नाव काय, कोणती जागा मोकळी आहे, या सगळ्याची नोंदवही डिस्कवरच असते. ती लिहिण्याची रीत म्हणजे फाइल सिस्टीम. विंडोजची नेहमीची रीत एनटीएफएस, मॅकची आधी एचएफएस प्लस आणि २०१७ पासून एपीएफएस, लिनक्सची बहुतेक ठिकाणी ईएक्सटी४. सगळ्यांना समजणाऱ्या म्हणून दोन: जुनी फॅट३२ आणि नंतरची एक्सफॅट.

तुमची डिस्क यांपैकी कोणती, हे ती जिथे उघडते त्या कॉम्प्युटरवर बघा. विंडोजवर 'धिस पीसी'मध्ये डिस्कवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा, 'फाइल सिस्टीम'समोर नाव असतं. मॅकवर 'डिस्क युटिलिटी' उघडून 'व्ह्यू' मेनूतून 'शो ऑल डिव्हायसेस' निवडा. हे न केल्यास मूळ डिस्क आणि तिच्यावरचा भाग वेगवेगळे दिसत नाहीत, आणि पुढे फॉरमॅट करताना चूक होते. लिनक्सवर 'डिस्क्स' नावाचं ॲप हेच दाखवतं.

कुठेच उघडत नसेल, तर प्रश्न वेगळा विचारायचा: कॉम्प्युटरला डिस्क निदान जाणवते का? विंडोजवर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा आणि खालच्या पट्ट्या बघा. तिथे डिस्क दिसत असेल आणि तिची क्षमता बरोबर असेल, म्हणजे २ टीबीच्या डिस्कसमोर १८६३ जीबीच्या आसपास आकडा असेल, तर केबल आणि डिस्कमधले इलेक्ट्रॉनिक भाग चालू आहेत आणि अडचण नोंदवहीची आहे. डिस्क तिथेही दिसत नसेल तर फाइल सिस्टीमचा विचार सोडा, केबल बदला, हबऐवजी थेट कॉम्प्युटरच्या पोर्टला लावा. फक्त चार्जिंगसाठी बनलेल्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात. अशा केबलवर डिस्कचा दिवा लागतो आणि बाकी काहीच होत नाही.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'रॉ' असं लिहिलेलं आलं तर घाबरायचं कारण नाही. त्याचा अर्थ विंडोजला ती नोंदवही वाचता आली नाही, इतकाच. ती दुसऱ्या सिस्टीमची असेल, एनक्रिप्ट केलेली (पासवर्डने कुलूपबंद) असेल, किंवा खरोखर खराब झालेली असेल. तिन्हींना शब्द तोच. 'इनिशियलाइज डिस्क' अशी खिडकी आपोआप उघडली तर तीही बंद करा.

मला सगळ्यात उपयोगी पडतो तो लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह. कॉम्प्युटरवर काहीही न बसवता त्यावरून लिनक्स चालू करता येतं, आणि त्याला फॅट३२, एक्सफॅट, एनटीएफएस, ईएक्सटी४ या सगळ्या वाचता येतात, एचएफएस प्लसही बहुतेकदा. फक्त एपीएफएस तिथे आपसूक उघडत नाही, त्यासाठी मॅकच लागतो. अनोळखी डिस्क हातात आली की मी आधी तिथे उघडून बघतो आणि मगच ठरवतो.

जागा आहे, तरी फाइल जात नाही

हा प्रकार इतक्या वेळा पाहिला आहे की नीट सांगायला हवा. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह, आत ५० जीबीच्या वर मोकळी जागा, आणि ५.२ जीबीचा एक व्हिडिओ काही केल्या कॉपी होत नाही. निरोप येतो, 'फाइल डेस्टिनेशन फाइल सिस्टीमसाठी फार मोठी आहे'. माणूस मोकळी जागा पुन्हा पुन्हा मोजतो, आणखी फाइली पुसतो, तरी तेच.

पेनड्राइव्ह फॅट३२ आहे. १९९६ साली आलेल्या या पद्धतीत प्रत्येक फाइलचा आकार लिहायला ३२ बिटांचा रकाना ठेवलेला आहे. त्यात मावणारा सगळ्यात मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५. म्हणजे एका फाइलची कमाल मर्यादा ४ जीबीला एक बाइट कमी. पेनड्राइव्ह कितीही मोठा असो, त्या रकान्यात पाचवा जीबी लिहायला जागाच नाही. फाइली पुसून उपयोग नाही, कारण अडचण जागेची नाही.

उपाय असा: पेनड्राइव्हवरचं सगळं आधी दुसरीकडे काढा आणि तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. टीव्ही किंवा गाडीतल्या प्लेअरला फॅट३२ शिवाय काही कळत नसेल, आणि असे बरेच आहेत, तर फाइलचेच ४ जीबीच्या आतले दोन तुकडे करा. फॅट३२ मधून डेटा न पुसता एनटीएफएसकडे जाण्याची सोय विंडोजमध्ये आहे, एक्सफॅटकडे जाण्याची नाही. आधी बॅकअप काढून ठेवण्याला पर्याय नाही.

याच्या जोडीला आणखी एक तक्रार येते: १२८ जीबीचा पेनड्राइव्ह फॅट३२ करायचा आहे, पण विंडोजच्या यादीत तो पर्यायच नाही. फॅट३२ स्वतः त्याहून कितीतरी मोठी डिस्क सांभाळू शकते. ३२ जीबीची अट विंडोजच्या फॉरमॅट करण्याच्या खिडकीची आहे. मॅकवर किंवा लिनक्सवर तोच पेनड्राइव्ह फॅट३२ होतो आणि विंडोज तो बिनतक्रार वाचतं.

मॅकवर दिसतं, पण लिहिता येत नाही

डिस्क एनटीएफएस आहे. मॅक एनटीएफएस वाचतो, लिहीत नाही. 'गेट इन्फो'मध्ये खाली 'तुम्ही फक्त वाचू शकता' असं लिहिलेलं दिसेल. परमिशनची कुलपं उघडझाप करून काही होणार नाही. लिहिण्याची सोय देणारे वेगळे ड्रायव्हर मिळतात आणि चालतातही, पण मॅकच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर ते अद्ययावत झाले का हे बघत बसावं लागतं. ज्या डिस्कवर तुमच्या फाइलींची एकुलती एक प्रत आहे, तिच्यासाठी मी तो मार्ग सुचवणार नाही. नेहमी दोन्हीकडे न्यायची डिस्क असेल तर एकदाच सवड काढून ती एक्सफॅट करून टाका.

लिनक्स 'आज उघडते, उद्या नाही' म्हणतं तेव्हा

इथेही डिस्क एनटीएफएसच असते, पण कारण वेगळं. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. कॉम्प्युटर बंद केला असं आपल्याला वाटतं, पण सिस्टीमचा एक भाग डिस्कवर झोपवून ठेवलेला असतो. एक्स्टर्नल डिस्क लावलेलीच ठेवून कॉम्प्युटर असा बंद केला, मग ती काढून लिनक्सला जोडली, तर तिच्या काही नोंदी विंडोजच्या झोपलेल्या भागात अडकलेल्या असू शकतात. लिनक्सला तशी खूण दिसते, आणि ते एकतर डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडतं नाहीतर उघडायलाच नकार देतं. त्याचं बरोबरच आहे. तशा डिस्कवर लिहिलं असतं तर विंडोज जागं झाल्यावर दोन्हीकडच्या नोंदी एकमेकांवर आदळल्या असत्या.

डिस्क पुन्हा त्याच विंडोजला लावा, आणि शिफ्ट दाबून धरून 'शट डाउन' निवडा. त्याने कॉम्प्युटर खरोखर पूर्ण बंद होतो. कायमचा उपाय हवा असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये 'पॉवर ऑप्शन्स', तिथून 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', आणि तिथली फास्ट स्टार्टअपची खूण काढा. त्याहून सोपं म्हणजे बंद करण्याआधी 'इजेक्ट' करून डिस्क काढण्याची सवय. खूण तरीही जात नसेल, तर विंडोजमध्ये डिस्कच्या 'प्रॉपर्टीज'मधल्या 'टूल्स'खाली 'चेक' चालवा. लिनक्समध्ये एनटीएफएस-फिक्स नावाची आज्ञा आहे, पण ती वरवरची डागडुजी करते. एनटीएफएसची खरी तपासणी विंडोजनेच करावी.

मॅकवर एक्सफॅट डिस्क लावली आणि काहीच होत नाही

हे माझ्या स्वतःच्या २ टीबीच्या डिस्कबाबत झालं. घाईत 'इजेक्ट' न करता केबल ओढली. नंतर लावली तर फाइंडरमध्ये काही नाही. डिस्क युटिलिटीत नाव दिसतंय, पण धूसर. 'माउंट' दाबलं, काही नाही. डिस्क मात्र आतून सतत गुरगुरत होती, आणि त्या आवाजावरूनच मला शंका आली. 'ॲक्टिव्हिटी मॉनिटर' उघडून शोधलं, तर 'एफएससीके_एक्सफॅट' नावाची प्रक्रिया चालू होती. मॅक स्वतःहून डिस्कच्या नोंदी तपासत होता, पण पडद्यावर एका अक्षराने सांगत नव्हता. मी ती थांबवली नाही. चाळीसेक मिनिटांनी डिस्क आपोआप फाइंडरमध्ये आली, सगळ्या फाइलींसकट.

असं का होतं? एनटीएफएस, ईएक्सटी४ आणि एचएफएस प्लस या पद्धती जर्नल ठेवतात. बदल करण्याआधी 'आता हे करणार आहे' अशी टिपण लिहितात, त्यामुळे मध्येच वीज गेली किंवा केबल निघाली तरी कुठे थांबलो ते कळतं. एक्सफॅटकडे अशी टिपणवही नाही. केबल ओढली की सगळी नोंदवही पहिल्यापासून तपासण्याशिवाय मार्ग नसतो. सगळीकडे चालते म्हणून मी एक्सफॅट सुचवतो, पण तिचा कमकुवतपणा हाच आहे, आणि म्हणून एकमेव बॅकअप एक्सफॅटवर ठेवणं मला पटत नाही. फाइली इकडून तिकडे नेण्यासाठी ती डिस्क, जपून ठेवण्यासाठी दुसरी.

बाकीच्या काही अडचणी

मोठी डिस्क २ टीबीएवढीच दिसते: पार्टिशनची, म्हणजे डिस्कचे भाग कुठून कुठपर्यंत आहेत याची नोंद 'मास्टर बूट रेकॉर्ड' या जुन्या पद्धतीने केलेली आहे. ५१२ बाइटांच्या सेक्टरने (डिस्क ज्या छोट्या तुकड्यांत मोजली जाते, त्याने) मोजलं तर ती २ टीबीच्या थोडी पुढे जाऊन थांबते. मोठ्या डिस्कसाठी 'जीपीटी' हवी, मॅकवर तिलाच 'जीयूआयडी पार्टिशन मॅप' म्हणतात.

एक्स्टर्नल डिस्क डब्यातून काढून थेट कॉम्प्युटरच्या आत बसवली आणि ती रिकामी दिसायला लागली, असंही होतं. काही डबे डिस्कचे ५१२ बाइटांचे सेक्टर कॉम्प्युटरला ४०९६ बाइटांचे म्हणून दाखवतात. डबा गेला की सगळी मोजमापं चुकतात. पुन्हा त्याच डब्यात घाला, डेटा जागेवर असेल.

लिनक्सची ईएक्सटी४ डिस्क दुसऱ्या लिनक्सवर उघडली, पण 'परवानगी नाही' म्हणते: तिथे फाइलींचा मालक नावाने नाही, आकड्याने लिहिलेला असतो. दुसऱ्या कॉम्प्युटरवर तुमचा आकडा वेगळा असेल तर तुम्ही परके ठरता. तिथल्या ॲडमिनच्या अधिकाराने मालकी बदलून घ्या.

आयपॅड किंवा आयफोनवर डिस्क येत नाही: त्यांना एक्सफॅट, फॅट३२, एचएफएस प्लस, एपीएफएस चालतं, पण डिस्कवर डेटाचा एकच भाग असावा लागतो. दोन पार्टिशन केलेली डिस्क तिथे अडते.

विंडोजवर डिस्क उघडल्यावर प्रत्येक फाइलच्या जोडीला टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होणारी बारीकशी फाइल दिसते: तो व्हायरस नाही. मॅक फाइलीबद्दलची जास्तीची माहिती एक्सफॅटवर वेगळी ठेवतो, तिची ती फाइल आहे. विंडोजवरून पुसली तरी मूळ फोटो किंवा कागद शाबूत राहतो.

आपल्या लिपीची एक खास अडचण

मॅक आणि विंडोज दोन्हीकडे फोल्डर सिंक करणाऱ्यांना, म्हणजे आपोआप सारखे ठेवणाऱ्यांना, हे भेटतं. 'दुसऱ्या सहलीचे फोटो' या नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी दिसतात, अक्षरन् अक्षर सारखे. कुठलीही सिस्टीम एका जागी एकाच नावाचे दोन फोल्डर ठेवू देत नाही, मग हे आले कुठून?

गोम 'ऱ' मध्ये आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं ज्या आकड्यांनी साठवतो त्या पद्धतीत, हे अक्षर दोन प्रकारे लिहिता येतं: एकतर अख्खा 'ऱ' म्हणून, नाहीतर 'र' आणि त्याखाली नुक्ता (टिंब) असं दोन खुणांनी. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. एचएफएस प्लस नाव साठवताना ते अक्षर मोडून दोन खुणांचं करते. विंडोज आणि लिनक्स तुम्ही जसं टाइप केलं तसंच ठेवतात. त्यामुळे जुन्या मॅकवरून आलेलं नाव आणि विंडोजवर टाइप केलेलं नाव बाइटांच्या पातळीवर वेगळी ठरतात, आणि सिंक करणारा प्रोग्रॅम म्हणतो, हा नवा फोल्डर आहे. कोपऱ्यातला, साऱ्यांचे, वाऱ्याचा: मराठीत हे अक्षर पावलोपावली येतं. कॉपी करताना मी दोन्ही फोल्डर उघडून फाइली मोजतो, कमी असलेला दुसऱ्यात मिसळतो आणि उरलेल्या फोल्डरचं नाव पुसून पुन्हा टाइप करतो. दोनपैकी एक जास्तीचा समजून न बघता पुसू नका. अर्ध्या फाइली एकात आणि अर्ध्या दुसऱ्यात असं मी पाहिलं आहे.

नावांचीच आणखी एक गोष्ट: लिनक्सवर नावात प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम, दुहेरी अवतरणचिन्ह काहीही चालतं. विंडोजला ही चिन्हं चालत नाहीत. 'सभा १०:३०' असं नाव दिलेली फाइल विंडोजकडे नेताना अडते, तेव्हा दोष डिस्कचा नसतो.

एक्सफॅट करायचं ठरलं तर

आधी सगळं दुसरीकडे काढा आणि काढलेल्या फाइलींपैकी दहाबारा उघडून बघा. मॅकवर फॉरमॅट करत असाल तर डिस्क युटिलिटीत सगळ्यात वरची ओळ, म्हणजे मूळ डिस्क निवडा, 'स्कीम'मध्ये 'जीयूआयडी पार्टिशन मॅप' घ्या आणि 'फॉरमॅट'मध्ये 'एक्सफॅट'. डिस्क टीव्हीलाही लावायची असेल आणि २ टीबीच्या आतली असेल तर स्कीम 'मास्टर बूट रेकॉर्ड' घेतलेली बरी. टाइम मशीनच्या (मॅकच्या स्वतःच्या बॅकअप प्रोग्रॅमच्या) बॅकअपसाठी एक्सफॅट चालत नाही, त्याला मॅकचीच पद्धत लागते.

विंडोजवर फॉरमॅट करताना 'अलोकेशन युनिट साइज' विचारतात. मोठ्या एक्सफॅट डिस्कला विंडोज आपणहून १२८ केबी ठेवतं. व्हिडिओ आणि फोटोंसाठी ते ठीक आहे. पण प्रत्येक फाइल, मग ती २ केबीची का असेना, किमान एक युनिट अडवते. २ केबीच्या ५०,००० फाइली म्हणजे खरा मजकूर १०० एमबी, आणि डिस्कवर अडलेली जागा ६ जीबीच्या वर. लहान फाइली खूप असतील तर ३२ केबी निवडा, किंवा त्या फाइली झिप करून ठेवा. प्रोग्रॅमिंगची कामं तर थेट एक्सफॅटवर ठेवूच नका, तिथे फाइलींच्या परवानग्या आणि सिंबॉलिक लिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) टिकत नाहीत.

लिनक्स जुनं असेल तर एक्सफॅटसाठी वेगळं पॅकेज बसवावं लागतं. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने एक्सफॅटची तांत्रिक माहिती खुली केली, त्याच वर्षीच्या ५.४ कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्याच्या त्या आवृत्तीत) तिचा ड्रायव्हर आला आणि ५.७ मध्ये आधीच्यापेक्षा चांगला. त्यानंतरच्या लिनक्सवर डिस्क नुसती लावली की उघडते.

फॉरमॅट झाल्यावर लगेच सगळा डेटा परत भरू नका. ५ जीबीची एक फाइल आणि नावात 'ऱ' असलेला एक फोल्डर टाका, 'इजेक्ट' करा, आणि डिस्क जिथे जिथे लावायची आहे त्या प्रत्येक ठिकाणी उघडून बघा. तिथे एक छोटी फाइल लिहा, पुसा, पुन्हा 'इजेक्ट' करा. सगळीकडे हे जमलं की मग बाकीच्या फाइली भरायला घ्या.